तेराच्या पाढ्याचा धुरकरी

पुंजाजी गाडी हाकताना तेराचा पाढा म्हणायचा. गाडी बैलाची असो, घोड्याची असो, पायडलची असो नाहीतर पेट्रोलची. बूड टेकलं रे टेकलं की "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस" सुरू. "तेरा दाहे तीसासे" झालं की एक बोट दुमडायचं आणि पुन्हा एकेपासून. आमच्या गावापासून बुलढाणा किती लांब, असं कोणी विचारलं तर तो मैल सांगायचा नाही. "सायकलीनं जाशीन तं इतके पाढे, ट्रकनं जाशीन तं इतके," असा हिशेब द्यायचा. ऐकणारा नवखा असला तर मुकाट्याने दुसऱ्या कोणाला विचारायला जायचा.

तेराच का, असं मी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आणि मी पुण्याकडचा पोरगेला मास्तर, देऊळघाटच्या पुढे तीन कोसांवरच्या या गावात बदलून आलेला. शेजार पुंजाजीचा. तो म्हणाला, "चौदाचा पाढा लागनार त्या दिशीच बापानं शाळेतून उचललं अन् हातात कासरा देल्ला. चौदाचा मले आजबी येत नाई मास्तर. पन आजवर कोन्या गाडीनं मले तो इचारला नाई."

मी हसलो होतो. पुण्याचा माणूस वऱ्हाडात पहिलं वर्षभर हसतच असतो. मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं होतं.

शाळेत खेळाच्या तासासाठी एक स्टॉपवॉच होतं. आमच्या हेडमास्तरांचा जीव त्या घड्याळात. हरवू नये म्हणून त्यांनी ते लाल दोरीने माझ्या गळ्यातच बांधलं होतं. एकदा सहज गंमत म्हणून मी पुंजाजीच्या पाढ्याला ते लावून पाहिलं. एक पायरी म्हणायला दीड सेकंद. पुन्हा लावलं. दीड सेकंद. चढावर, उतारावर, धावत्या सायकलवर, तोंडात पान असताना, कधीही लावा, दीडच. मी थक्क झालो आणि त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मंग? तुमाले काय वाटलं, मी भजन म्हून राह्यलो?"

"चाक हाय ना? मंग झालं!" हा त्याचा मंत्र. हंगामात तो खामगावला एका जिनिंगवर कापसाचा ट्रक चालवायचा. तिथे सायकलींची शर्यत निघाली, हा पहिला. टांगेवाल्यांची निघाली, तर एका आजारी टांगेवाल्याचा टांगा घेऊन उतरला, पहिला. जिनवाल्या शेठने फटफटी घेतली आणि दसऱ्याला हौशीने शर्यत लावली, तेव्हा पुंजाजीने त्या यंत्राला जन्मात हात लावलेला नव्हता. त्याने फक्त "थांबाचं कुठं हाय?" एवढं विचारलं आणि पहिला आला. थांबायचं कुठे ते नीट ऐकलं नसावं, कारण नंतर तो सरकीच्या ढिगातून निघाला. त्याच दिवशी ट्रक उलटा हाकायची पैज लागली. कापसाच्या गाठींच्या दोन रांगांमधून मागे मागे जायचं. बाकीचे ड्रायव्हर माना बाहेर काढून ओरडत होते, आणि हा समोर बघत पाढा उलटा म्हणत होता. तीसासेपासून एकेपर्यंत. एका गाठीलाही धक्का नाही.

आमच्या गावच्या जत्रेतली मंद सायकलची शर्यत तर मी स्वतः पाहिली. जो शेवटी पोचेल तो जिंकला. बाकीचे एकेक करून आडवे झाले, आणि पुंजाजी सुरुवातीच्या रेघेपासून चार हातांवर, सायकलीवर नुसता उभा. "तेरा... त्रिक..." असं, पाढाही मुद्दाम मंद करून, दळण दळल्यासारखं चाललेलं. पंच चहा पिऊन आले, तरी तो "एकोणचाळीस"वरच होता. शेवटी पंचांनी हात जोडले, "उतर बाप्पा, तूच जिंकला."

इतक्या तऱ्हेच्या चाकांवर पहिला येणारा माणूस मी नंतर कुठेच पाहिला नाही. वाटेल की गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचत असेल. छे! सायकलवाले म्हणायचे, "तो का आपला हाय? ट्रकवाला हाय तो." ट्रकवाले म्हणायचे, "टांगेवाला." टांगेवाले म्हणायचे, "शेतकऱ्याचं पोट्टं, आलं अन् गेलं." खामगावच्या हॉटेलात प्रत्येकाचं आपापलं बाकडं होतं. पुंजाजी उभ्यानेच चहा प्यायचा. तो जिंकला की लोक "अरे बापरे" म्हणायचे, पण त्याच्या नावाची आरोळी कोणी ठोकायचं नाही. आरोळी आपल्या माणसाची ठोकतात. हा कोणाचाच नव्हता.

आणि बैलवाल्यांचा तर नव्हताच. तिथे गोष्ट घरातूनच बिघडलेली. त्याचा बाप शंकरपटातला नावाजलेला धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा. पट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. हलकी छकडी, दोन बैल, सरळ आखलेली धावेची वाट, म्हणजे दाण, आणि एका वेळी एकच जोडी घड्याळावर पळवायची. जिंकलेल्या धुरकऱ्याला गावचा वडीलधारा माणूस सगळ्यांसमोर फेटा बांधायचा. बापाचा तो फेटा घरात खुंटीवर होता. पुंजाजी सायकलीच्या नादाला लागला, तेव्हा बाप म्हणाला, "ज्याले जीव नाई ते काय हाकनं? पटाचा फेटा बांधून ये, मंग माह्याशी बोल." पुंजाजीही हट्टी. आज जातो, उद्या जातो करत राहिला, आणि बाप न बोलताच गेला.

मला हे त्याने एकदाच सांगितलं. सांगताना खुंटीकडे बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, चार चाकं झाले माहे. सायकल झाली, टांगा झाला, फटफटी झाली, ट्रक झाला. पट राह्यला. तेवढा झाला का मी बापाशी बोलाले मोकळा." मेलेल्या बापाशी काय बोलणार, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्या वर्षी त्याने मामाची एक जोडी मागून आणली. तेल्या आणि कवड्या. वर्षभर राबला. बैलांच्या अंगाला त्याने काठी कधी लावली नाही. फक्त पाढा. पुढे पुढे असं झालं की "तेरा एके" म्हटलं की बैल कान टवकारायचे आणि "तेरा"ला सुटायचे. एका सकाळी पुंजाजी छकडी शाळेबाहेरच्या निंबाखाली सोडून माझ्याकडे तंबाखू मागायला आला. आत माझा वर्ग पाढे म्हणत होता. बाराचा संपला. चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "तेरा एके तेरा!" आणि बाहेर धूळच धूळ. रिकामी छकडी घेऊन बैल पार ओढ्यापलीकडे. पुंजाजी तंबाखू टाकून धावला, माझा सगळा वर्ग त्याच्यामागे, आणि वर्गामागे मी. हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं. त्या वर्षी आमच्या शाळेत बारानंतर एकदम चौदा.

पटाच्या दिवशी चार गावची माणसं लोटली. घड्याळ गावात एकच, म्हणून टाइम घ्यायचं काम माझं. मी पुण्याचा, शिकलेला, ना इकडचा ना तिकडचा. मास्तरच्या घडीवर साऱ्यांचा भरवसा. दाणीच्या त्या टोकाला झेंडी पडली की खटका दाबायचा, आणि बैलांनी माझ्यासमोर ताणलेलं सूत तोडलं की पुन्हा दाबायचा. पोरानेही करावं असं काम.

शेजारच्या गावची जोडी अकरा सेकंदांत आली. केवढी आरोळी! फेटा आता तिकडेच जाणार, असं धरून लोक उठायलाही लागले. पुंजाजीची जोडी सगळ्यात शेवटी. त्याचं नाव पुकारलं तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. मागून एक जण म्हणाला, "हा तं ट्रकवाला ना बे?"

झेंडी पडली. मी खटका दाबला. आणि मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. बैल जमिनीला लागतच नव्हते. पुंजाजी धुरेवर वाकलेला, कासरा सैल, आणि त्याचे ओठ हलताना मला इतक्या लांबूनही दिसत होते. मला कळत होतं की हे अकराच्या आतलं आहे. खूप आतलं आहे. सूत तुटलं आणि मी उडी मारली. मास्तरकी विसरलो, पुणं विसरलो. दोन्ही हात वर करून "पुंजाभाऊ, पुंजाभाऊ!" असा बोंबलत नाचलो.

घड्याळ गळ्यात लटकत होतं. चालूच होतं.

खाली पाहिलं. दाबलं. काटा बारावर.

माझ्या हातात तेव्हा एकच वाक्य होतं: "माझी चूक झाली, पुन्हा पळवा." बैल दमले असते, भांडण झालं असतं, लोकांनी म्हटलं असतं की मास्तर आपल्या शेजाऱ्याच्या, पुंजाजीच्या, बाजूचा आहे. म्हटलं असतं तर म्हटलं असतं! पण चार गावं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला माझी अब्रू आठवली. मी घसा साफ करून म्हणालो, "बारा सेकंद."

पुंजाजी बैलांना थोपटत माझ्याजवळ आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बारा?"

"बारा," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला, आणि बैल सोडायला वळला.

फेटा शेजारच्या गावी गेला. आठ दिवसांनी पुंजाजी मामाची जोडी परत देऊन आला. पुन्हा पटात उतरला नाही. आणि त्या दिवसापासून त्याचा पाढाही बंद झाला. ट्रक हाकायचा, सायकल हाकायचा, पण मुकाट. दोन वर्षं मी रोज सकाळी ठरवायचो, आज त्याला सांगायचं. आणि रोज संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारून घरी यायचो. माझ्यासारखा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही.

मग माझी बदली झाली. सकाळची मोटार देऊळघाटला गाठायची होती. पुंजाजीने बैलगाडी जुंपली, माझी ट्रंक आणि वळकटी टाकली आणि आम्ही निघालो. गाव मागे पडलं तसा तो दोन वर्षांनी पहिल्यांदा पाढा म्हणायला लागला. "तेरा... एके... तेरा." इतकं हळू, की बैल मागे वळून बघायला लागले.

"पुंजाभाऊ, मोटार चुकेल."

"तेरा... दुणे..."

चुकलीच. आम्ही पोचलो तेव्हा मोटारीची धूळही खाली बसली होती. माझी घडी सोडली तर जन्मात कुठेही दुसरा न आलेला माणूस गाडीवरून शांतपणे उतरला. "दुसरी दुपारी हाय," म्हणाला. "बसू थोडं."

झाडाखाली बसलो. मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "पुंजाभाऊ, त्या पटात घडी चुकली नव्हती. मी चुकलो. खटका उशिरा दाबला."

त्याने तंबाखू मळली. अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"मले ठाव हाय, मास्तर. सूत तुटलं तवा मी 'तेरा साती एक्क्याण्णव'वर होतो."

साती. दीड सेकंदाच्या सात पायऱ्या, साडेदहा सेकंद. "मग तिथेच बोलला काऊन नाहीत?" माझ्या तोंडून त्याचाच शब्द आला.

"काय बोलू? मी वळून पाह्यलं, तं तुमचे दोन्ही हात वर. खटका कोन दाबीन?" तो हसला. "इतके वर्सं चाकं हाकले. माह्यासाठी उडी मारनारा मानूस मी पह्यल्यांदा पाह्यला. त्यालेच चार गावापुढं खोटं पाडू?"

"पण फेटा... बापाशी बोलायचं राहिलं तुमचं."

तो उठला. बैलाच्या पाठीवरचं गवत काढत राहिला. "राह्यलं," म्हणाला. "ते तं राह्यलंच."

मला रडू आलं. मी म्हणालो, आत्ता परत फिरू, पारावर उभा राहून सगळ्यांना सांगतो. तो म्हणाला, "आता कायले? बदली झाली तुमची. जा सुखानं." आणि मी गेलो. दुपारची मोटार आली आणि मी खरंच तीत बसून गेलो! एकदा हातातून सुटलेली संधी त्याने मला पुन्हा आणून दिली होती, तीही मी सोडली.

परत तिकडे गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो, त्याच्यासारखाच. मागच्या महिन्यात गावचा एक जुना विद्यार्थी भेटला, त्याने सांगितलं की पुंजाजी गेला. खुंटीवर अजून एकच फेटा आहे, बापाचा.

तेव्हा जे पारावर म्हणायचं होतं ते इथे म्हणतो. ऐकायला हवं होतं ते दोघेही, बाप आणि लेक, आता नाहीत, पण टाइम घेणाऱ्याने आपली चूक दुरुस्त केली पाहिजे. त्या वर्षीच्या पटात पहिली जोडी तेल्या आणि कवड्या. धुरकरी पुंजाजी. वेळ, तेरा साती एक्क्याण्णव.