घानाचा फास्ट बॉलर

जेवणाच्या सुट्टीत क्वामे कँटीनच्या दारातून मान वाकवून आत आला, आणि मितेशला वाटलं, आपली अडचण सुटली.

मितेश तारापूरला एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. गावी, माकुणसारला, तो क्रिकेट टीमचा कप्तान होता. टीम तीन वर्षं पहिल्याच सामन्यात हरत होती. यंदाही हरली तर कप्तानपद त्याच्या मेहुण्याला, हितेशला, द्यायचं असं ठरलं होतं. मेहुण्याच्या हाताखाली खेळायच्या कल्पनेने मितेशला जेवण जात नव्हतं.

क्वामे घाना देशातून तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला आला होता. लॅबमध्ये रंग तपासायचा. सहा फूट चार इंच उंची, रुंद खांदे, काळाभोर वर्ण. मितेशने मनातल्या मनात त्याच्या हातात चेंडूही दिला.

“ब्रदर, संडे को फ्री है?”

क्वामेने बोईसरच्या कामगारांकडून हिंदी उचलली होती. “फ्री है,” तो म्हणाला. बोलणं तिथेच संपलं.

गावात बातमी पोचेपर्यंत क्वामे वेस्ट इंडिजचा झाला होता. घाना तिकडे नाही, असं मितेशची चुलत बहीण वैष्णवी म्हणाली, तर सगळे तिच्यावर हसले. टीममधला मेहुल नोकरीला सुरतेला गेल्यामुळे एक जागा रिकामी होती आणि ती वैष्णवीने मागितली होती. तिला बॉलिंग येते, असं तिचे वडील आत्मारामकाकाही सांगून गेले होते.

“वैशू, बॉल लागला तर दात पडतील,” मितेश म्हणाला. “तू स्कोर लिही. तुझं अक्षर चांगलं हाय.”

यादीत बारा नावं लागत होती, म्हणून बारावं तिचं टाकलं. नियमाप्रमाणे या बारातला कुणीही सामन्यात कधीही दुसऱ्याच्या जागी खेळवता येत होता, पण ते कुणाच्या डोक्यात नव्हतं.

रविवारी पालघरच्या मैदानावर वाणगावशी सामना होता. आठ ओव्हरचा, टेनिसच्या चेंडूचा. माकुणसारने अठ्ठेचाळीस धावा केल्या. मितेश पहिल्याच चेंडूवर बाद झाला, पण त्याला फिकीर नव्हती. त्याने क्वामेला चेंडू दिला आणि दूरवर, बाभळीजवळ, रेघ मारून दिली.

क्वामे लांब टांगा टाकत बाभळीकडे निघाला. तो जसजसा लांब गेला तसतसा वाणगावचा धर्मेश पांढरा पडला. शेवटी त्याने एकाचं मोटरसायकलचं हेल्मेट मागून घेतलं. क्वामे धावत आला. चेंडू तीन टप्पे खात स्टंपावर गेला. हेल्मेटमधून धर्मेशला तो दिसलाच नाही. दुसरा फलंदाज चेंडू येण्याआधीच लेगला पळाला. पुन्हा दांडी गुल. वाणगावची मंडळी आपसात म्हणाली, मुद्दाम हळू टाकतो, खरा वेग ठेवलाय मागे.

तिसऱ्याचा चष्मा घरी राहिला होता. त्याला समोर कोण धावत येतंय ते नीट दिसत नव्हतं. त्याने उरलेल्या चार चेंडूंवर बावीस धावा काढल्या.

“क्या हुआ?” मितेशने विचारलं.

“पहली बार खेला,” क्वामे म्हणाला.

“तो पहले बोलने का ना.”

“तुमने पूछा, संडे को फ्री है? मुझे लगा, खाने पे बुलाया.”

क्वामे मग वैष्णवीशेजारी जाऊन बसला आणि त्याच्या जागी नुसत्या फिल्डिंगला बघ्यांतला हितेशचा भाऊ उभा राहिला. हितेश मात्र सीमारेषेवरून मितेशकडे बघून शांतपणे शेंगा सोलत होता.

बाकीच्या तिघा बॉलरांनी पाच गडी काढले आणि आपापल्या दोन-दोन ओव्हर संपवल्या. शेवटची ओव्हर क्वामेची होती. वाणगावला सहा धावा हव्या होत्या, तीन गडी शिल्लक होते. मितेश घाम पुसत क्वामेकडे गेला. क्वामेने नकारार्थी मान हलवली आणि पेनवाल्या वैष्णवीकडे बोट केलं.

“ये हर बॉल के पहले बोलती है, अब क्या होगा. वही होता है. इसको पूछा?”

मितेशने चेंडू वैष्णवीपुढे धरला. वैष्णवीने वही क्वामेच्या मांडीवर ठेवली आणि चपला काढल्या.

समोरच्याने हेल्मेट मालकाला परत पाठवलं. “ताई, दमानं टाक, हाताला झटका बसंल,” तो हसत म्हणाला. एका पोरीला षटकार मारला नाही तर वाणगावात तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्याने बॅट फिरवली. चेंडू अलगद वळून आत गेला. दुसऱ्यालाही षटकारच हवा होता, तिसऱ्यालाही. चार चेंडूंत तिघे गेले. एक धाव झाली.

सगळे आत्मारामकाकांभोवती जमले. पोरगी तुमच्यावर गेली, असं जो तो म्हणू लागला.

“माझ्यावर नाय, तिच्या आईवर,” काका म्हणाले. “रखमा एका दगडात एक चिंच पाडायची, तुमी सांगाल ती. तिला कोनी खेळतेस का इचारलंच नाय. आता इचारायला ती नाय.” मग त्यांनी चहा कुठे मिळतो ते विचारलं.

मितेशने क्वामेची माफी मागितली.

“मेरी भी गलती है,” क्वामे म्हणाला. “मैं सोचता था, हर इंडियन को क्रिकेट आता है. फिर तुम्हारी बैटिंग देखी.”

कप्तानपद वाचलं होतं, त्यामुळे मितेशने हे हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारची यादी लिहायला त्याने वैष्णवीलाच सांगितलं. संध्याकाळी तिने कागद आणून दिला. पहिलं नाव तिचं होतं. स्कोर लिहायला क्वामे. बाराव्या नंबरवर लिहिलं होतं: मितेश, कप्तान.

अक्षर खरोखरच चांगलं होतं.