आगीला दिलेला अभिप्राय

आमच्या गावात आग पाटी वाचल्याशिवाय कुठल्याही इमारतीत शिरत नाही. एवढी शिस्त पाळणारं गावात दुसरं कोणी नाही.

सोमवारी सकाळी अकराला ती हमीदाबीच्या शेडपाशी येऊन थांबली. हमीदाबी गाद्या भरते. लग्नसराईचा सगळा कापूस आत होता. दारावर नगरपरिषदेने सक्तीने लावलेली इंग्रजी पाटी होती: ‘इनफ्लेमेबल’. आगीला शब्द अडला. तिने लेखी अभिप्राय मागितला.

मुख्याधिकारी टेंभेकर देवस्थळी सरांना घेऊन आले. सरांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एवढ्या वर्षांत त्यातलं एक वाक्य कुणाशी बोलले नाहीत.

“‘इन’ म्हणजे नाही,” सर म्हणाले. “इनव्हिजिबल, इनकरेक्ट. तसंच हे. जळत नाही.”

“बरं, मग मी निघते,” आग म्हणाली.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण टेंभेकरांनी शब्दकोश मागवला होता, आणि मागवलेली वस्तू वापरावी लागते. शब्दकोशात उलटंच निघालं: चटकन पेट घेणारे.

हमीदाबीने हात जोडले. “साहेब, ऱ्हाऊ द्या की. माझी शेड हाय. सर म्हणत्यात तेच खरं.”

“असं कसं?” टेंभेकर आवाज खाली आणून म्हणाले. “ही बाहेरची आग आहे. उद्या चार गावांत सांगत फिरेल, इथल्या लोकांना इंग्रजी येत नाही म्हणून.”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्यातले निम्मे हमीदाबीनेच भरलेल्या गाद्यांवर लोळतात. पण त्या मेल्यांना लाज वाटली ती इंग्रजीची.

दुरुस्त अभिप्राय सहीशिक्क्यानिशी देण्यात आला. आगीने तो दोनदा वाचला. “माफ करा हं बाई,” ती हमीदाबीला म्हणाली आणि आत गेली.

दीड तासात शेड आटोपली. देवस्थळी सरांनी शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही. जे जळतंय ते नियमाला धरून जळत नाही, एवढंच ते म्हणत राहिले.

शुक्रवारी शुद्ध इंग्रजीबद्दल टेंभेकरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. हमीदाबीला आवर्जून बोलावून पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बऱ्याच जणांना खटकलं.