पेशकारांचं आंबट ताक

अन्याय झाला तो मानवतच्या दत्तोपंत पेशकारांवर. यंदा, सन १९५३, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन बाजाराच्या वेळी. अन्याय करणारा सावकार नव्हता, सरकारी अधिकारीही नव्हता. तो मी. आजवर दुसऱ्यांची नावं छापली, आता माझं छापतो.

दत्तोपंत निजामी राजवटीत तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारापुढं कागद ठेवणारे कारकून. राजवट गेली, नोकरी त्याआधीच गेली होती, पेशकार हे नाव तेवढं चिकटून राहिलं. माणूस एकटा. गावाबाहेर विहिरीवरचा मळा, गोठ्यात दोन म्हशी, आणि एक खोड. आपल्या घरातल्या एकाही वस्तूबद्दल त्यांनी कधी बरा शब्द काढला नाही.

रोज सकाळी ओट्यावर उभं राहून ते ओरडत, "ताक आंबलंय. रांजण अडकून पडलाय. कुणीतरी मेहरबानी करा आणि ही बला घेऊन जा." वांगी निघाली तर ती किडकी. ज्वारी आली तर तिला भुंगा. मजुरीला निघालेल्या बाया भांडी पुढं करत, तर त्यांच्यावरही हे डाफरत.

"एवढंसं भांडं? घर नासवायला निघालीस का माझं?"

"उद्या घागर आणते, काका."

"आण. तेवढीच बला टळेल."

एका म्हातारीला त्यांनी कसर लागलेलं म्हणून घोंगडं दिलं. दुकानाची चिठ्ठी अजून त्याला लटकत होती. पण हे मला पुढं कळलं.

मी बावीस वर्षांचा. कुठं काही खुट्ट झालं की परभणीहून पत्रक छापून आणतो. पेशकारांची आरोळी एकदा रस्त्यावरून ऐकली आणि बाजारात पत्रक वाटून मोकळा झालो: 'गरिबांच्या पदरात किडका माल! पेशकारशाही अजून जिवंत!' वांगं चिरून पाहिलं नाही, ताकाचा थेंब चाखला नाही. आरोपी रोज सकाळी मोठ्या आवाजात गुन्हा कबूल करत होता, मग पुरावा कशाला हवा?

चौथ्या दिवशी मथुराबाईनं मला चावडीपुढं अडवलं. मेंढरं राखणारी, तीन लेकरांची आई.

"ओ कागदवाले, तिथलं ताक कधी पिलंत का?"

"तेच म्हणतात ना, आंबट आहे."

"अन् तुमी खरं मानलं. लय शिकलेले तुमी." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवं, लोण्याचे गोळे असत्यात त्यात. काढायचं इसरलो म्हणतो म्हातारा. रोज इसरतो."

"मग न्यायला जात का नाही आता?"

"कसं जावं? नासकं न्यायला जायचो तवर आमाला कुणी भिकारी म्हणत न्हवतं. उलट त्याच्यावरच आमचे उपकार. आता तुमच्या कागदापायी सारं गाव बघायलंय, कोण जातंय म्हून. चार दिस झाले, लेकरं कोरडी भाकर खायलीत."

मी पेशकारांकडं गेलो. रांजण काठोकाठ भरलेला, शेजारी वांग्यांची पाटी. ते दाराकडं तोंड करून बसले होते. पुढचं ताट तसंच होतं, हात न लावलेलं.

"बसा, बरखुरदार. पत्रक वाचलं. अक्षर-जुळणी ठीक आहे."

मी माफी मागितली.

"माफी कशाची? माल खराबच आहे."

मग रांजणाकडं बघत बोलू लागले. "पोलीस अॅक्शनच्या आधी, त्या धामधुमीत, नोकरी टाकून हद्दीपलीकडं गेलो. तीन दिवस उपाशी. पण पेशकार ना, मागायचं कसं ते ठाऊक नाही. एका झोपडीपुढं नुसता उभा राहिलो. आतून एक बाई आली, भाकरी हातावर ठेवली. म्हणाली, शिळी हाय, कुत्र्याला टाकायला निघाले व्हते. तुमी खाल्ली तर माजा हेलपाटा वाचंल."

"शिळी होती?"

त्यांनी उजवा तळवा माझ्यापुढं धरला.

"चटका बसला, बरखुरदार. तव्यावरची होती."

हात मागं घेत म्हणाले, "नाव विचारायचं राहून गेलं. पुढं दोनदा जाऊन आलो. झोपडी नाही तिथं आता."

मी तांब्या उचलला, रांजणात बुडवला आणि उभ्या उभ्या प्यालो. इतकं गोड ताक मी जन्मात प्यालो नव्हतो.

"कसं आहे?"

"आंबट," मी म्हणालो.

पेशकार हसले. मग ताट ओढून जेवायला लागले.

ते पत्रक मी मागं घेतो. आणि वाचकांनो, तुमच्याकडं एक मागणी आहे. उद्या सकाळी त्या ओट्यापुढं जा. दुकानवाले जा, कचेरीवाले जा, गरज असो नसो, सगळे जा, म्हणजे मथुराबाई गर्दीत दिसणार नाही. घरात जास्तीचं असेल ते किडकं म्हणून सोबत न्या आणि तिथंच ठेवा. पेशकार म्हणतील, ताक आंबलंय. एक घोट घ्या, तोंड वाकडं करा, आणि मागं उभ्या असलेल्या बाईला पुढं होऊ द्या.