शेख बदावींची करंगळी

पोर्ट सईदमध्ये वगदी दिमयातीच्या फ्रेमांच्या दुकानात गेलं की आधी चहा मिळायचा आणि मग पणजोबा. चहाला नको म्हणता यायचं, पणजोबांना नको म्हणायची सोय नव्हती.

पणजोबा गल्ल्याच्या मागे, सोनेरी फ्रेममध्ये होते. खांद्यावर भरजरी झगा, छातीवर दाढी, कमरेला तलवार. तलवारीच्या मुठीवर हात, आणि त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी, जणू बाकीच्या बोटांशी तिचं पटत नसावं. खाली इंग्रजीत छापलेलं, 'वाळवंटाचा सरदार'. शंभरेक वर्षांपूर्वी, सुएझच्या कालव्यात आगबोटींची रीघ लागायची त्या काळी, धक्क्याजवळ पेल्हम नावाच्या इंग्रजाचा स्टुडिओ होता. फोटो त्याने काढलेला.

"माझी आजी सांगायची," वगदी सुरू करी, "शेख बदावींच्या अंगावर रोज नवा पोशाख असायचा. काल घातलेला आज नाही. ते खुर्चीत बसले की इंग्रज उभा राहायचा. आणि नुसता उभा नाही, मान खाली घालून. ते हलले नाहीत तोवर इंग्रजाची हलायची टाप नव्हती."

मग तो स्वतःची करंगळी दाखवी. तीही वाकडी. मुलगी इनास दुकानात असली तर तिचीही दाखवायला लावी. "खानदानाची मोहोर आहे ही," म्हणे. इनास शाळेत भूगोल शिकवायची. बापाच्या हौसेखातर इतिहासाचा हा एक धडा ती निमूटपणे सोसत असे.

तर या इनासचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगा हुसाम, सुएझचा, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. त्याला इनास पसंत, इनासला तो पसंत. अडलं होतं ते हुसामच्या वडिलांपाशी. हाज मुतवल्ली म्हणजे कडक माणूस, टरबूजसुद्धा चारदा थापटल्याशिवाय न घेणारा. "मुलगी पाहिली, चांगली आहे," ते म्हणाले होते. "पण झाड घेताना मूळ बघावं. तुमचं घराणं कुठलं, ते बघू आणि मगच फातिहा वाचू."

तिकडे दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसून, तळहात पसरून फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, वाचतात तेव्हा सोयरीक पक्की होते. मग फिरवाफिरव नाही. तोवर मात्र नुसती चहापाण्याची ये-जा. आणि ती ये-जा चार महिने चालली होती. इनास जेवताना ताटातला भात इकडचा तिकडे करत बसायची. वगदीला ते बघवत नसे.

अशात नगर वाचनालयात प्रदर्शन भरायचं ठरलं. पेल्हमच्या पणतीने इंग्लंडहून एक पेटाराच पाठवला होता. त्यात जुने फोटो होते, छापील चित्रं होती, कुणा गोऱ्या मडमेने काढलेली जलरंगातली चित्रंही होती. वाचनालयाच्या मादाम उल्फत शहरभर हिंडून लोकांकडच्या तसबिरीही मागून नेत होत्या. वगदीने शेख बदावींना स्वतःच्या हाताने पुसून, कापडात गुंडाळून त्यांच्या स्वाधीन केलं, आणि त्याच्या डोक्यात बेत शिजला.

"हाजना घरी नाही बोलवायचं, प्रदर्शनात बोलवायचं," त्याने बायकोला सांगितलं.

"अहो, घरी बोलवा. मी बदक भरते," सुहैर म्हणाली. "भरल्या पोटी माणूस हो म्हणतो."

"तुला कळत नाही. घरी मी सांगितलं तर ती बढाई. वाचनालयाच्या भिंतीवर, सरकारी शिक्क्याखाली असेल तर तो इतिहास."

"मला आपली बदकाचीच खात्री वाटते," सुहैर म्हणाली आणि त्याचा कोट इस्त्री करायला गेली.

शुक्रवारच्या नमाजानंतर सगळे वाचनालयात जमले. हाज मुतवल्ली, हुसाम, आणि हाजांच्या आई सित्त फिर्दौस. वय ब्याऐंशी, हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या कुणाशी फारसं बोलत नसत, पण सुएझच्या त्या घरात पानसुद्धा त्यांना विचारून हलत असे.

शेख बदावी दालनाच्या मधोमध होते. खाली अरबी पाटी, 'वाळवंटाचा सरदार. श्री. वगदी दिमयाती यांच्या पणजोबांची तसबीर'. हाजांनी पाटी दोनदा वाचली, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "माशाल्ला. माणूस भारदस्त दिसतो."

"भारदस्त?" वगदी म्हणाला. "अहो, इंग्रज यांच्यापुढे..." आणि बोलता बोलता त्याची नजर पलीकडच्या भिंतीकडे गेली.

तिथे पेटाऱ्यातले फोटो टांगले होते. पहिला, 'कैरोचा न्हावी'. न्हाव्याच्या हातात वस्तरा, आणि वस्तऱ्याभोवतीची करंगळी बाहेर वाकडी.

वगदीने डोळे चोळले. पुढचा फोटो, 'पखालवाला'. पाठीवर पाण्याची पखाल, तीच दाढी, तीच करंगळी. त्याच्यापुढे 'गारुडी'. त्याच्यापुढे 'आंधळा भिकारी'. भिकाऱ्याने डोळे मिटले होते, पण करंगळी काही त्याला मिटता आली नव्हती. त्याच्यापुढे मडमेचं जलरंगी चित्र, 'सुलतानाचा वजीर', झगा आपल्या सरदाराचाच, फक्त डोक्यावर पिसं. आणि कोपऱ्यात एक छापील चित्र, ज्यात पेल्हमचा स्टुडिओच दाखवला होता. खुर्चीत शेख बदावी बसलेले, समोर तिपाईवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे इंग्रज, डोक्यावरून काळं कापड घेऊन, मान खाली घालून उभा.

आजीने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. रोज नवा पोशाख होता. इंग्रज उभा होता. मान खाली होती. आयुष्यभर लोकांना चहा पाजून आपण हे सांगत आलो, आणि आता हे जर हाजांनी पाहिलं तर पोरीचं काय होणार, एवढंच वगदीला सुचत होतं.

"हाजसाहेब, इकडे या, खिडकीतून कालवा फार छान दिसतो," तो म्हणाला.

"कालवा आमच्या सुएझलाही आहे," हाज म्हणाले आणि न्हाव्याच्या दिशेने निघाले.

वगदी धावत जाऊन न्हाव्यासमोर उभा राहिला. हाज पखालवाल्याकडे वळले. वगदी पखालवाल्यासमोर. हाज थांबले की हा थांबे, हाज सरकले की हा सरके. बघणाऱ्याला वाटावं, दोघे फुगडीची तयारी करताहेत.

"वगदीभाई, तब्येत बरी आहे ना?" हाजांनी विचारलं.

"पायाला मुंग्या आल्या. चालत राहिलं की बरं वाटतं."

"मग जरा बाजूला चाला ना. मला दिसत नाहीये काही."

इनास जवळ आली. तिने बापाच्या खांद्यावरून भिकारी पाहिला, मग वजीर, मग गारुडी. भूगोलाची बाई, नकाशा चटकन कळतो. "बाबा," ती हळूच म्हणाली, "हे सगळे पणजोबाच आहेत का?"

"हात खिशात घाल," वगदी पुटपुटला. "आणि जन्मभर काढू नकोस."

हाजांचा संशय आता पक्का झाला होता. हा माणूस काहीतरी लपवतोय. त्यांनी वगदीला चक्क दंडाला धरून बाजूला केलं आणि चष्मा लावून गारुड्यावर वाकले. वगदीने मनातल्या मनात पोरीच्या संसाराला निरोप दिला. तेवढ्यात दालनाच्या टोकाकडून काठी पडल्याचा आवाज आला.

सित्त फिर्दौस एका फोटोसमोर उभ्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं. सगळे तिकडे धावले.

"आई, काय झालं?"

"मुतवल्ली," त्या म्हणाल्या, "अरे, माझी आजी."

फोटोत एक बाई बसली होती. काळी मलाया चादरीसारखी अंगभर लपेटलेली, नाकापासून खाली जाळीचा पडदा, वर मोठे काळेभोर डोळे. पाटीवर होतं, 'अमीरघराण्यातील स्त्री'.

"आमच्या दिवाणखान्यात होता हा फोटो," सित्त फिर्दौस सांगू लागल्या. "आई म्हणायची, ही तुझी आजी गुलफिदान. इंग्रज खास आमच्या घरी येऊन फोटो काढून गेला. सदुसष्टच्या लढाईत बाँब पडायला लागले, सुएझ रिकामं केलं. एका ट्रकमध्ये तीन कुटुंबं कोंबली. मी भांडी घेतली, गाद्या घेतल्या, आणि हिला भिंतीवर विसरले. सात वर्षांनी परत गेलो तर भिंतच नव्हती." त्यांनी ओढणीने डोळे पुसले. "बावीस वर्षं रोज रात्री तिची माफी मागते मी."

पोर्ट सईदच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. वगदीही त्या वर्षी दुकान टाकून पळाला होता, बगलेत फक्त शेख बदावी घेऊन. म्हातारीबरोबर तोही फोटोकडे पाहू लागला, आणि मग काचेशी वाकला.

पडदा धरलेल्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

"बोट बघितलंस?" सित्त फिर्दौस म्हणाल्या. "बग्गीच्या दारात सापडलं होतं तिचं. लहानपणी. आई सांगायची."

वगदीने तोंड उघडलं. खरं सांगावं असं त्याला क्षणभर वाटलंही, कारण माणूस तो खोटा नव्हता, नुसता बोलका होता. पण त्याने म्हातारीचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

सित्त फिर्दौसनी तळहात पसरले. "आजीच्या आत्म्यासाठी फातिहा वाचा रे," त्या म्हणाल्या. हाजांनी हात पसरले, हुसामने पसरले, सुहैरने पसरले. वगदीनेही पसरले, आणि मनापासून वाचली. त्याच्या पणजोबांसाठी आजवर इतक्या माणसांनी एकदम कधी प्रार्थना केली नव्हती. इनासलाही खिशातून हात काढावाच लागला.

वाचून झालं. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आणि त्याच क्षणी सुहैरने जीभ झरझर हलवत लग्नघरातला असा काही मंगलस्वर काढला, की मादाम उल्फत कपाटाआडून धावत आल्या. दालनातल्या चार अनोळखी बायकांनी साथ दिली. "मुबारक, मुबारक," कुणीतरी ओरडलं.

"अहो, हे काय?" हाज गोंधळले. "फातिहा आजीसाठी होती."

"दोन्ही घरची माणसं आहेत, मुलगा-मुलगी समोर आहेत, हात पसरले, फातिहा वाचली," सुहैर म्हणाली. "आता ती कुणासाठी होती हे फातिहाला कसं कळायचं?"

"पण मला अजून मूळ..."

"मुतवल्ली, वाचलेली फातिहा परत घेतात का कधी?" सित्त फिर्दौस म्हणाल्या. त्यांनी इनासचा हात धरला होता आणि चष्म्याजवळ नेऊन निरखत होत्या. मग फोटोकडे पाहिलं, मग इनासच्या डोळ्यांकडे.

"बघ तरी," त्या मुलाला म्हणाल्या. "तेच डोळे. तेच बोट. तू मूळ शोधत बसलास. ही पोर पहिल्यापासून आपलीच आहे."

हाजांनी बोट पाहिलं, फोटो पाहिला, आणि आईपुढे मान डोलावली. "माशाल्ला," ते म्हणाले. "बोट सापडायला दारं काय, पोर्ट सईदलाही असतातच."

"बाबा," इनास वगदीच्या कानाशी लागली, "हे तर पणजोबा..."

"गप्प," वगदी म्हणाला. "आजेसासूची आजी आहे तुझ्या. नीट नाव घे."

लग्न झालं. मादाम उल्फतनी फोटोची नक्कल करून दिली आणि वगदीने दुकानातली सर्वांत भारी फ्रेम त्याला चढवली. गुलफिदानबाई सुएझच्या दिवाणखान्यात मानाच्या भिंतीवर बसल्या. दुकानात चहा अजून मिळतो, पण पणजोबांबद्दल कुणी विचारलं तर वगदी म्हणतो, "मोठा माणूस होता. कुठल्याही घरात शोभला असता." आणि विषय बदलतो.

पहिल्या ईदला तो लेकीकडे गेला. सगळे स्वयंपाकघरात होते. दिवाणखान्यात तो एकटाच होता, समोर ती भिंत. त्याला भरून आलं. या माणसाने न्हावी होऊन, भिकारी होऊन, बाई होऊन पोरं जगवली, म्हणून आपण आहोत. तो उठला, फोटोच्या अगदी जवळ गेला आणि काचेतून त्या डोळ्यांकडे बघत राहिला, बराच वेळ.

मागून काठी आपटली.

"वगदी," सित्त फिर्दौस दारातून म्हणाल्या, "वयाचा तरी विचार कर. परक्या घरच्या बाईमाणसाकडे असं टक लावून बघतात का?"

"चुकलं, आई," वगदी म्हणाला आणि खाली मान घालून सोफ्यावर जाऊन बसला.