चिंगूबाईची जादा शीग

पोरांनो, शेंबूड पुसा आणि ऐका. एका जंगलात रस्ता पोचला नव्हता, पण नियम पोचले होते. तिथं एक खार शेंगदाणे विकायची. नाव चिंगूबाई.

ती चिपट्यानं मापायची. लाकडी चिपटं काठोकाठ भरायचं, मग वर डोंगरासारखी शीग चढवायची. शीग नाही तर बरकत नाही, असं तिची आई सांगायची. या धंद्यावर तिची चार पिल्लं जगत होती.

एकदा सिंहमहाराज परदेशच्या जंगलात फिरून आले. आल्या आल्या हुकूम! "सगळा माल पुडीत. पुडीवर ग्रॅम लिहा, शेजारी जुनं मापही लिहा. जुळलं नाही तर दुकान बंद."

चिंगूबाईनं पुडी बांधली. वर लिहून घेतलं, 'एक चिपटं, २०० ग्रॅम'.

तपासायला सरडेसाहेब आले. पुडी काट्यावर टाकली. भरली दोनशेवीस. साहेब लालबुंद!

"ए बाई, हे वीस कुठून आले?"

"शीग हाय साहेब."

"शीग कुठल्या कलमात आहे?"

"कलमात नाय, हातात हाय."

"ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे!"

"अवो, जास्त दिलंय की!"

"तेच म्हणतोय मी. फसवणूक."

वीस ग्रॅम जप्त झाले. साहेबांनी ते तिथंच चावून नष्ट केले.

शेजारी अस्वलशेठचं मधाचं दुकान. मडक्यावर लिहिलेलं, 'एक मडकं, ५०० ग्रॅम'. अक्षरं हत्तीला लांबून दिसतील एवढी. साहेबांनी पट्टी काढून अक्षरांची उंची मोजली. एकदम पास.

"शेठ, वजन करू का?"

"करा की. पण मध चिकट असतो साहेब, काटा खराब होईल."

"तेही खरंच," म्हणून साहेबांनी शिक्का मारला. मडक्याच्या बुडाशी चार बोटं चिखल होता. पण चिखलाची उंची मोजायचा नियम नव्हता.

मग साहेब चिंगूबाईकडं वळले. "शेवटची संधी देतो. शीग वेगळ्या पुडीत बांध. त्यावर वेगळं लिही."

तिनं छोटी पुडी केली. 'शीग, २० ग्रॅम'. काट्यावर भरली तेवीस.

"अगं बाई, शिगेला शीग?"

"लई ओकीबोकी दिसत होती वो साहेब."

झालं. दुकानाला टाळं.

सकाळी कासवआजोबा थैली घेऊन आले. टाळं बघून अस्वलशेठकडं गेले. "शेठ, जरा वर घाला की."

"वर काय घालू आजोबा? वर सगळं लिहिलंय ना!"

पिल्लं उपाशी, म्हणून चिंगूबाई शेठकडंच मडकी भरायला लागली. आधी बुडाशी चिखल, मग मध. पहिल्याच मडक्यात तिनं चार बोटं चिखल लिंपला आणि सवयीनं त्यावर शीग चढवली. मधाला जागाच उरली नाही.

शेठनं वाकून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"चिंगूबाई," तो म्हणाला, "उद्यापासून तू मुकादम."

तात्पर्य: सढळ हाताची कदर होतेच, पोरांनो. फक्त हातात चिखल पाहिजे.