मागे रेलण्याचा अधिकार

माणसाची प्रगती तो किती पुढे गेला यावर नव्हे, तर किती मागे रेलला यावर ठरते. हे सत्य कारधा गावाला जरा उशिरा कळलं. यंदाची गावची सहल विमानाने बंगळुरूला जाणार असं ठरताच निवृत्त मुख्याध्यापक मधुकरराव यांच्या अध्यक्षतेखाली 'विमान-आसन शिष्टाचार समिती' स्थापन झाली. (मधुकरराव एकदा विमानात बसले होते. बाकीची समिती त्यांना नागपूरला सोडायला गेली होती.)

भंगारातल्या बसच्या खुर्च्या समाजमंदिरात मांडून सराव सुरू झाला. नियम अत्यंत न्याय्य होते. बटण दाबणे हा प्रवाशाचा हक्क. मागे वळून पाहणे हा गावंढळपणा. मागच्याचे गुडघे ही त्याची खासगी बाब असून त्याची भरपाई त्याने स्वतः मागे रेलून करून घ्यावी. अशा रीतीने त्रास रांगेरांगेने मागे जातो आणि कोणाकडेच उरत नाही. नव्वद टक्के लोकांना हे पहिल्याच दिवशी जमलं. उरलेल्यांना, सखाबाई सोडून, ते आधीपासूनच येत होतं.

सखाबाईचं घर मासेमारीवर चालतं, पण पावसाळ्यात ती रोवणीला जाते. चिखलात धान लावत बाया उलट्या पावली मागे सरकतात आणि सरकण्याआधी मागचीला हाक देतात. सरावानंतरच्या परीक्षेत सखाबाईने तेच केलं. मागच्या खुर्चीवरच्या चंद्रकांताकडे मान वळवून ती म्हणाली, "चंद्रकांता, मांगं येऊन राहिली वो. पाय घेजो."

चंद्रकांताने पाय घेतले.

"कोणाले विचारून राहिली वो बाई?" मधुकरराव कडाडले. "खुर्चीले बटन हाय ना!"

"बटनाले गुडघे नाहीत गुरुजी. चंद्रकांताले हायेत."

सखाबाई नापास झाली. नापासांना विमानात शेवटची रांग, असा ठरावच होता. ती खुर्ची मागे होत नाही (मागे संडास आहे). सखाबाईचा एक गुडघा आधीच धरलेला. शिवाय ती काही मौजेला निघाली नव्हती. बंगळुरूत लेक रंजू बाळंत झाली होती, आणि नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं होतं.

विमान उडालं. समितीने एकदम बटणं दाबली. नियमाप्रमाणे त्रास रांगेरांगेने मागे आला आणि सखाबाईच्या गुडघ्यावर येऊन थांबला. समोरच चंद्रकांता होती.

"चंद्रकांता, गुडघा लय दुखून राहिला वो."

"मी काय करू बाई? माह्यावर समोरचा आला ना!" चंद्रकांता न वळता म्हणाली. ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली होती.

बंगळुरूत सखाबाईला दोघांनी धरून उतरवलं. बाळाला शेजारणीने न्हाऊ घातलं, आणि ओली बाळंतीण आईचा गुडघा शेकत बसली. समितीने तीव्र हळहळ व्यक्त केली.

वाचकहो, तुम्हालाही वाईट वाटलं असेल. त्याने निकालात फरक पडत नाही, कारण वाईट वाटायला मागे वळावं लागत नाही. फक्त एवढंच सांगा, हे वाचायला तुम्ही आरामात पाठ टेकलीत, तेव्हा मागे कोण आहे ते पाहिलंत का? नाही ना? मग अभिनंदन. या, पुढच्या रांगेत बसा.