रिकाम्या लॉरीची चौकशी

धुळ्यात डोकं असलेली माणसं पुष्कळ आहेत, ते वापरणारा मी एकटा. हे मी गर्वाने सांगत नाही, तपासाअंती सांगतो आहे. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती अशी, की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही, फक्त तो कोणाचा ते कधीकधी आठवत नाही.

माझं नाव भाईदास. एसटी स्टँडवर 'चौकशी' अशी पाटी असलेल्या खिडकीमागे मी उमेदीची वर्षं काढली. ज्याने रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौकशीच केली, त्याला गुप्तहेर व्हायला आणखी काय शिकायचं राहतं? पुढे नोकरी सुटली. मी तिला सोडलं की तिने मला, हा स्वतंत्र तपासाचा विषय आहे. येताना जुनी पाटी तेवढी मागून आणली आणि घराच्या दाराला ठोकली. तेव्हापासून अख्खं धुळं माझ्या दारात येतं आणि पाचोऱ्याची गाडी किती वाजता सुटते ते विचारतं. मी सांगतो, पण तुच्छतेने सांगतो.

एक गोष्ट मात्र मी त्या खिडकीतही कटाक्षाने पाळली. मी शुद्ध मराठीच बोललो. खेड्यातला माणूस येऊन 'भो, गाडी कवय शे?' असं आपल्या बोलीत गाडीची वेळ विचारू लागला, की मी ऐकू न आल्यासारखं करायचो. करता करता ती बोली मला खरंच ऐकू येईनाशी झाली. याला मी संस्कार म्हणतो.

माझा सहाय्यक सुपडू. हा माझ्या बायकोचा भाऊ, बोदवडकडचा. तपासात त्याचा उपयोग शून्य, जेवणात भरपूर. मी त्याला ठेवलं आहे, कारण तो जात नाही.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती, तेव्हा जतनबाई माझ्या ओट्यावर आल्या. आग्रा रोडवरच्या कापसाच्या पेढीचे मालक पारसमलशेठ यांच्या या मातोश्री. वय झालेलं, पण आवाज असा, की हमाल पोतं खाली ठेवायचं विसरतो.

"भाईदास, तुला गाड्यांच्या टायमातलं कळतं ना?"

"मला सगळ्यातलं कळतं," मी म्हणालो.

"सगळं नको. टायमातलं सांग."

हकिकत अशी होती. बाईंनी मुलाशी भांडून रस्त्यावरचं एक कापसाचं गोदाम रिकामं करून घेतलं होतं आणि तिथे प्राथमिक शाळा काढली होती, मागच्या तीन वस्त्यांमधल्या पोरांसाठी. शाळा अकराची होती आणि पोरं बैलगाड्यांतून येत होती. पण दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला, सगळ्या गाड्या शेतात गेल्या आणि पोरांना आणणार कोण असा प्रश्न पडला. पारसमलशेठ म्हणाले, माझी लॉरी घ्या, पण दहानंतर ती कापसाला लागते. म्हणजे शाळा सकाळी सातला भरवायला हवी, आणि लॉरीचं वेळापत्रक आखायला हवं.

"पुढच्या सोमवारी साहेब तपासणीला येणार," बाई म्हणाल्या. "बाकांवर पोरं दिसली तर शाळेला मान्यता. नाही दिसली तर पारस म्हणतो, मंगळवारी गोदामात गाठी भरतो. भाईदास, माझा जन्म अंगठा उठवण्यात गेला. पोरगा समोर कागद धरतो, मी अंगठा लावते. काय लिहिलंय ते देवाला ठाऊक. त्या वस्त्यांतल्या पोरींचं असं व्हायला नको मला." मग पदराने डोळे न पुसता नाक पुसून त्या म्हणाल्या, "पोरं आली तर भर शाळेत तुला शाल आणि नारळ देईन."

सत्कार! मी लगेच कामाला लागलो.

वेळापत्रक मी एका बैठकीत तयार केलं, अगदी स्टँडवरच्या धर्तीवर. लॉरीला मी 'जलद' दर्जा दिला. परिणामी पहिल्या दिवशी ती तिन्ही वस्त्यांवरून न थांबता गेली. ड्रायव्हर बन्सीलाल इंदूरकडचा, सांगितलं तेवढंच करणारा. मी थांबे वाढवले. मग प्रश्न आला, की वस्तीतल्या लोकांना शाळेची वेळ बदलल्याचं कळणार कसं? ते अजून अकराच्याच भरवशावर. त्यावर मी एक घोषणा तयार केली, आटोपशीर आणि व्याकरणशुद्ध. बन्सीलालने वस्तीत लॉरी उभी करायची, हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचं: "शाळा सकाळी! शाळा सकाळी!"

"दाजी," सुपडू म्हणाला, "ते सकाळीचं जरा..."

"सकाळीचं सकाळी बघू," मी म्हणालो आणि त्याला पेरू आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी लॉरी वस्त्यांवर थांबली, हॉर्न वाजला, घोषणा झाली आणि लॉरी रिकामी परत आली. तिसऱ्या दिवशीही तेच. हेडमास्तर पुण्याकडचे, गळाबंद कोटातले. ते रिकाम्या बाकांपुढे उभे राहून हजेरी घेत होते, कारण नियमात हजेरी घ्यावी एवढंच लिहिलं आहे, पोरं असावीत असं नाही.

"ही काही साधी बाब नाही," मी जतनबाईंना सांगितलं. "ही केस आहे."

"केस असो का टक्कल," बाई म्हणाल्या, "पोरं आण."

माझा पहिला संशय कापसावर गेला. पोरं वेचणीला गेली असणार. मी वेष पालटून, म्हणजे टोपी उलटी घालून, शेतात गेलो. पोरं नव्हती. एक बाई कापूस वेचता वेचता मान वर करून म्हणाली, "भाईदास भाऊ, पाचोराले गाडी कवय शे?" वेषांतराचा या लोकांना आदरच नाही.

दुसरा संशय बन्सीलालवर. सारखा हिंदीत गुणगुणणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मी त्याच्या लॉरीत मागे, आदल्या दिवशी उरलेल्या कापसाच्या ढिगात दडून बसलो. तिसऱ्या वस्तीपर्यंत माझ्या नाकात इतका कापूस गेला, की मी जी शिंक दिली तिला दचकून बन्सीलालने ब्रेक दाबला, लॉरी रस्त्याला आडवी झाली आणि कोंबड्या छपरावर गेल्या. एवढ्यातही मी एक महत्त्वाची नोंद घेतली. पोरं वस्तीतच होती! न्हाऊन, केसांना तेल लावून, टोप्या घालून ओट्यांवर बसलेली होती. हॉर्न वाजला तशी उठली. घोषणा झाली तशी आयांनी त्यांना हाताला धरून घरात नेलं.

म्हणजे पोरांना शाळेत यायचं होतं आणि ऐन वेळी त्यांना काहीतरी भीती घालत होतं. मी सुपडूला विचारलं, "या परिसरात मुंजा आहे का?"

"मुंजा सगळीकडेच असतो, दाजी. पण मला वाटतं की लॉरी सकाळी..."

"सकाळी मुंजा नसतो, एवढं मलाही कळतं," मी म्हणालो. अशा सहाय्यकाबरोबर काम करायला लागतं आणि वर त्याला जेवायलाही घालावं लागतं.

मुंजा बाद झाल्यावर उरली एकच शक्यता, ती म्हणजे घोषणा नीट ऐकूच जात नव्हती. खेडवळ कानांना शुद्ध भाषा लवकर पोचत नाही, गाढवाला गुळाची चव काय? मी लग्नात वाजवतात तो भोंगा भाड्याने आणला, बॅटरीसकट लॉरीच्या टपावर बांधला आणि हातात मायक्रोफोन घेऊन स्वतः बसलो. आता आवाज तीन वस्त्यांतच काय, पांझरा नदीच्या पलीकडे जात होता. "शाळा सकाळी! शाळा सकाळी!"

परिणाम तात्काळ दिसला. आदल्या दिवसापासून शाळेशेजारच्या घरांतली चार-सहा पोरं लॉरीची वाट न बघता पायी येऊ लागली होती. भोंगा ऐकल्यापासून तीही यायची बंद झाली.

असा सोमवार उजाडला. साहेब आठ वाजता येणार होते. हेडमास्तरांनी फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं आणि पारसमलशेठनी मंगळवारची वाट न बघता दाराशी दोन हमाल आणून बसवले होते, गाठी आत टाकायला. जतनबाई तरातरा आल्या, लॉरीच्या पुढच्या बाजूला चढल्या, बन्सीलालला सरकायला सांगितलं आणि म्हणाल्या, "चल. मलाच बघू दे."

मी भोंग्याजवळ, सुपडू पेरूंजवळ. पहिली वस्ती आली. लॉरी थांबली. ओट्यावर पोरांची रांग होती, टोप्या, वेण्या, पाट्या, सगळं जागच्या जागी. मी छाती भरून श्वास घेतला आणि घोषणा दिली, "शाळा सकाळी! शाळा सकाळी!"

एक म्हातारी उठली. या भागाबाई, वस्तीतल्या अर्ध्या पोरांच्या आजी. त्यांनी एका नातीच्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाल्या, "चला रे घर. आज बी नही."

"थांब भागा!" जतनबाई लॉरीतून ओरडल्या. "पोरेसले घर कसाले लई जास?"

"मंग काय करू?" भागाबाई तडकल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाऊ भोंगावाला रोज येस, आन रोज सांगस, शाळा सकाय शे. मंग आज कसाले धाडू?"

जतनबाईंनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेने फक्त सडका कापूस पाहतात.

"भाईदास," त्या म्हणाल्या, "इथे सकाळी म्हणजे सकाय, आणि सकाय म्हणजे उद्या."

"शुद्ध मराठीत—"

"इथे सकाय म्हणजे उद्या! तू रोज पहाटे लॉरी घेऊन येतोस, पेट्रोल जाळतोस आणि या पोरांना ओरडून सांगतोस, की शाळा उद्या आहे! भोंगा लावून सांगतोस!"

मागे सुपडू पेरू चावत म्हणाला, "मी तेच म्हणत होतो." त्याचा हा दावा मला मान्य नाही. त्याने पूर्ण वाक्य एकदाही केलं नव्हतं.

मी भागाबाईंकडे वळलो. चूक त्यांच्याच पदरात घालायची एक वाट मला दिसली होती. "पण बाई, रोज रोज लॉरी येऊन 'उद्या' सांगते, याचं तुम्हाला काहीच नवल वाटलं नाही?"

"नवल कसानं?" त्या म्हणाल्या. "तलाठी सांगस, सकाय ये. दवाखानामा सांगतस, सकाय ये. तू खिडकीमा व्हता तव्हय तू बी तेच सांगे. आम्हले वाटनं, शाळा बी तशीच व्हई."

यावर माझ्याकडे चोख उत्तर होतं, पण ते अजून सुचलेलं नाही.

जतनबाईंनी माझ्या हातातला मायक्रोफोन हिसकावून घेतला. "शाळा आज शे!" त्या गरजल्या. "आते शे! बठ्ठा पोरे चला, पया!"

आत्ताच्या आत्ता सगळे पळा, असं ऐकल्यावर जे झालं ते आवरणं बन्सीलालच्या हाती नव्हतं. ओट्यांवरून, गोठ्यांतून, एक तर चक्क लिंबाच्या झाडावरून, पोरं लॉरीत येऊन पडली. दुसऱ्या वस्तीत तेच, तिसऱ्या वस्तीत तेच. परतताना मला उभं राहायला जागा नव्हती. एका चिमुरडीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही बी पहिलीमा का?"

आम्ही पोचलो तेव्हा साहेब चहा संपवून उठत होते. लॉरी दाराशी आली आणि मागचं फळकूट खाली पडताच आतून पोरं सांडली. दाराशी बसलेले दोन्ही हमाल वाटेतून बाजूला झाले. साहेब पुन्हा बसले. त्यांनी पोरं मोजली, एकाला पाढे विचारले आणि मान्यतेची शिफारस करतो म्हणाले. पारसमलशेठनी हमालांना परत पाठवलं. हेडमास्तरांनी हजेरी घेतली आणि पहिला 'हजर' पुन्हा एकदा म्हणायला लावला. जतनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. या वेळी त्यांनी नाक नाही, डोळेच पुसले.

हाच योग्य क्षण आहे असं मला वाटलं. मी पुढे झालो, कोटाची बटणं लावली आणि म्हणालो, "केस सुटली. पोरं आली. बाई, आमची शाल आणि नारळ?"

जतनबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझा सत्कार ना?" त्या म्हणाल्या. "सकाय."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मी इस्त्रीचा कोट घालून त्यांच्या दारात उभा होतो. बाई गहू निवडत होत्या. "काय रे?" म्हणाल्या. मी म्हणालो, "आपण म्हणाला होतात, सकाळी." त्या म्हणाल्या, "हो. सकाय."

तेव्हापासून मी रोज जातो. सुपडू म्हणतो, दाजी, आता तरी अर्थ ध्यानात घ्या. मी त्याला गप्प करतो. खेडवळ बोलीच्या नादी लागून मी माझं मराठी बिघडवणार नाही. शुद्ध भाषेत सकाळी म्हणजे सकाळीच. बाई शब्दाला पक्क्या आहेत, फक्त कोणती सकाळ तेवढं निश्चित व्हायचं आहे. तपास चालू आहे.

शाळा उत्तम चालली आहे. लॉरी भरून येते. जतनबाई स्वतः पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि आता सही करायला शिकल्या आहेत. पारसमलशेठनी कागद पुढे केला, की आधी तो वाचून दाखव म्हणतात आणि मग खाली नाव लिहितात. अंगठ्याचं त्यांना आता काही काम उरलेलं नाही. तो त्या फक्त मला दाखवतात.